दोन घरचा मासा

सोमवार

शीतगृहाच्या मालकाने यंदा पगारवाढीच्या जागी डायरी दिली. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत त्याचंच नाव. फेकून द्यायला जिवावर येतं, म्हणून लिहायला घेतो आहे. वाचणारं कोणी नाही, तेवढाच फायदा.

थंडी अशी पडली आहे की सकाळी नळाला तोटीखाली जळता कागद दाखवल्याशिवाय तो बोलत नाही. शेजारीपाजारी भेटले की हात चोळत सांगतात, "काय थंडी आहे हो!" जसं काही मला कोणी सांगितल्याशिवाय कळलंच नसतं. माझी उभी हयात गारव्यात गेली. बटाटे, सफरचंदं, लोण्याचे डबे, सगळ्यांना गार ठेवायचं आणि आपण कानटोपी घालून काटे तपासत फिरायचं. दम्याच्या माणसाने हे काम धरू नये असं डॉक्टर म्हणाले होते. दादाही म्हणाला होता. दादा म्हणाला म्हणूनच धरलं.

मला काळजी एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे मुकादमाची. मुकादम हा मासा आहे. ऑस्कर जातीचा, वीतभर लांब, अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके, तोंड कायम नाराज. वडिलांनी आणला तेव्हा बोटाएवढा होता. खोलीत कोण काय करतंय यावर नजर ठेवायचा म्हणून वडिलांनी त्याला मुकादम नाव दिलं. उष्ण मुलखातला जीव. पाणी कोमट असेल तोवर ऐट, गार पडलं की तळाशी आडवा.

आणि तो माझा एकट्याचा नाही. घर वाटलं तेव्हा बाहेरच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घातली. टाकी होती बरोबर मधे. दादा म्हणाला, माझी. मी म्हणालो, माझी. उचलायला चार माणसं लागतात, उचलताना फुटण्याची भीती. शेवटी मामाने निवाडा केला. भिंत टाकीच्या दोन्ही अंगांनी आणि वरून बांधायची, टाकी भिंतीत राहील, अर्धी याच्या खोलीत, अर्धी त्याच्या. ऊब धाकट्याने पुरवायची, हवा थोरल्याने. म्हणजे हीटर माझ्या विजेवर आणि बुडबुड्यांचं यंत्र दादाच्या. झाकणाचे दोन तुकडे केले, एक इकडे, एक तिकडे. आणि मामा म्हणाला, "मासा आहे तोवर हा झरोका राहील. मासा गेला की भरून टाका. मग एकमेकांची तोंडं बघायचं कारण नाही."

दोघांनी माना हलवल्या. मामा वारला, मासा आहे. पाण्यातून दादाची खोली दिसते. थोडी हिरवी, थोडी वाकडी. मला ती बघण्यात काडीचा रस नाही, पण समोर भिंतीत काच असेल तर माणूस डोळे कुठे ठेवणार?

बुधवार

हीटर गेला.

संध्याकाळी कामावरून आलो तर लाल दिवा बंद. नळी काढून बघितली, आतली तार काळी पडलेली. मुकादम कोपऱ्यात, कल्ले हळूहळू हलताहेत. दोन पातेली पाणी तापवून घातलं.

एवढ्यात पलीकडून काचेवर टकटक. दादा. बेकरीतून आलेला, भुवयांपर्यंत पीठ. बोटाने माझ्या हीटरकडे दाखवत होता आणि तोंडाने काहीतरी बोलत होता. काचेतून आवाज येत नाही, तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं. दोघांत मासा कोण असा प्रश्न पडावा. मला कळत होतं काय म्हणत असेल. ऊब तुझ्या वाट्याला होती ना? एवढंही जमत नाही?

पाठ करून बसलो. परत टकटक झाली. मी दिवाच मालवला.

तेव्हाही असंच बोट दाखवलं होतं त्याने. मुलीकडचे लोक बसलेले, सगळं जुळलेलं, मुलीनेही मान डोलावलेली. आणि हा उठून म्हणतो, "एक गोष्ट सांगायला हवी. याच्या छातीत दमा आहे. नंतर कळून बोल लावण्यापेक्षा आधी कळलेलं बरं." लोक चहा संपवून उठले. परत आले नाहीत. मग मीही कुणाकडे बघायला गेलो नाही. "खोटं बोलून संसार उभा करायचा का?" असं म्हणाला होता. स्वतःचा उभा होता ना! आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात ते खरं आहे, पण दातांना कधी लागत नाही, हे कोणी म्हणत नाही.

गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा काढून माशांच्या दुकानात गेलो. सगळ्या गावाला एकदम मासे आठवलेले. आपोआप बंद होणारे हीटर संपले होते. दुकानदाराने लांब, जाड, साधे हीटर दाखवले.

"हे स्वतःहून बंद होत नाहीत. लक्ष ठेवावं लागतं. एरवी मी देतही नाही, पण या थंडीत बंद करायची वेळ येते कुठे!"

मी टाकीचं माप सांगितलं. तो म्हणाला, "मग एक कसाबसा पुरेल, दोन घ्या. सकाळी एक गृहस्थ हेच माप सांगत आले होते. त्यांनाही दोन म्हणालो, तर म्हणे एकच द्या, बाकीचं माझं मी बघतो. बाहीला पीठ होतं, गिरणीवाले असावेत."

आता गिरणीवालेही मासे पाळायला लागले! या गावात रिकामटेकड्यांना तोटा नाही. मी एकच घेतला. गोधडी गुंडाळली की झालं.

घरी आल्यावर नवा हीटर माझ्या कोपऱ्यात अगदी खाली, दगडामागे लपवून लावला. याला दिवा नाही ते बरं झालं. माझा हीटर बिघडला होता हे दादाला जेवढं कमी कळेल तेवढं चांगलं. रात्रीपर्यंत मुकादम उठून फिरायला लागला. माझ्या बोटातून दाणे घेतले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, म्हणून मी त्याला नेहमी स्वतः पोटभर घालतो. दादाच्या भरवशावर ठेवला असता तर केव्हाच खपला असता.

शनिवार

आज जे झालं त्याने डोकं उठलं आहे.

सकाळी झोपेतून उठून बघतो तर दादाच्या बाजूने काच बंद. पिठाच्या पोत्यांची जाड घडी करून त्याने टाकीला बाहेरून बांधली आहे, वरून खालपर्यंत. त्याची खोली नाही, दिवा नाही, खुर्ची नाही. नुसतं तपकिरी पोतं आणि त्यावर उलटी छापील अक्षरं.

म्हणजे तोंडसुद्धा बघायचं नाही. परवा मी पाठ केली तर याने सरळ पडदाच लावला! मामा असता तर विचारलं असतं, निवाड्यात पडदा होता का? वहिनी घरी असती तर हे झालं नसतं. ती गेल्या आठवड्यात मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे. जाताना अंगणातून हाक मारून म्हणाली होती, "भाऊजी, जरा लक्ष असू द्या हं यांच्याकडे. एकटे आहेत." मी म्हटलं, मीही एकटाच आहे. ती म्हणाली, "म्हणून तर." बायकांचं बोलणं.

ठीक आहे. मीही आईची जाडी गोधडी काढली आणि माझ्या बाजूने टाकीला गुंडाळली. दोरीने करकचून बांधली. त्याला नको तर मलाही नको. शिवाय ऊब आत राहील. वरचं झाकण तेवढं मोकळं ठेवलं आहे, खायला घालण्यापुरतं.

काम झाल्यावर खुर्चीत बसलो. समोर गोधडी. तिच्यावरची ठिगळं मोजून झाली.

रविवार

थंडी वाढली. छाती भरून आली आहे, पहाटेपासून खोकतो आहे. खोकल्याची मोठी उबळ आली की पलीकडून भिंतीवर टकटक होते. याची झोपमोड होते वाटतं! माझ्या घरात मी खोकायचंही नाही. मुद्दाम उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी परत टकटक.

आणखी एक. खिडकीच्या कट्ट्यावर आज पुन्हा पाव होता, कागदात गुंडाळलेला. वहिनी गेल्यापासून रोज असतो. बेकरीतला उरलेला माल खपवायची ही नवी तऱ्हा. आजचा तर हाताला चटका बसेल इतका गरम होता, म्हणजे ताज्यातलाही कुणी घेतला नसणार. थंडीत धंदा बसला असेल त्याचा. मी कुणाच्या उष्ट्यावर जगत नाही. कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातला. कुत्रा आता सकाळी माझी वाट बघतो, गब्दुल झाला आहे.

मंगळवार

काल संध्याकाळपासून वीज नाही. तारांवर बर्फ साचून कुठेतरी खांब पडला म्हणे.

शीतगृहातून एक जुना थर्मामीटर आणला आहे. गोल तबकडीचा, लांब दांडीचा. झाकणातून दांडी आत सोडली. काटा उतरत उतरत पंधराच्या खाली आला. मुकादमाला पंधरा म्हणजे मरण. गॅसवर पातेल्यामागून पातेली तापवली. थोडं पाणी तांब्याने काढायचं, थोडं गरम घालायचं, अगदी हळू, नाहीतर जिवाला धक्का बसतो. हात दुखून आले. श्वास लागला की खाली बसायचो, काटा बघायचो, परत उठायचो.

एक गोष्ट कळली नाही. मी जेवढं काढलं तेवढंच घातलं, तरी टाकी काठोकाठ भरली आणि पाणी गोधडीवर सांडलं. दोनदा असं झालं. माझाच हिशेब चुकत असणार, डोकं ठिकाणावर नाही. पण काटा चढला हे खरं. वाटलं त्याच्या दुप्पट वेगाने चढला. माझ्या हाताला यश आहे म्हणायचं.

दादा काय करत असेल? भट्टीजवळ पाय शेकत बसला असेल. त्याच्या हाताला तसंही गरम गार कळत नाही. तापलेले पत्रे नुसत्या बोटांनी उचलतो आणि लोकांना दाखवतो. मनाचंही तसंच.

बुधवार

वीज आली! हीटर चालू केला, गोधडी पुन्हा घट्ट केली, वरून एक सतरंजी बांधली. दुपारपर्यंत काटा वीसवर जाऊन टेकला. आमच्या थर्मामीटरला वीसच्या पुढे आकडाच नाही. शीतगृहात वीस झालं तर माल सडतो आणि माणसाची नोकरी जाते, त्यामुळे बनवणाऱ्याने पुढचं लिहिलंच नाही. काटा शेवटच्या खिळ्याला टेकून निवांत उभा. बघून फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत काटा वर गेल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला.

झाकण उचललं तर वाफ तोंडावर आली. हात घातला, चांगलंच गरम वाटलं. पण माझी बोटं दिवसभर बर्फाच्या खोल्यांत असतात, घरी आल्यावर त्यांना नळाचं पाणीही गरम लागतं. बोटांवर काय विश्वास ठेवायचा? काटा आहे ना.

मुकादम वर आला होता, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला तोंड लावून भराभर श्वास घेत होता. दाणे टाकले ते तसेच तरंगत राहिले. हा हवेचा प्रकार, मी तिथेच ओळखलं. ऊब मी दिली, हवा कोण देणार होतं? यंत्र बंद करून ठेवलं असेल विजेची बचत म्हणून. की मुद्दाम? मुठीने भिंत बडवली. "हवा! हवा सोड!" म्हणून ओरडलो. ओरडताना मलाच धाप लागली.

पलीकडूनही भिंत बडवली गेली. काहीतरी ओरडत होता, मधल्या पोत्यात आणि गोधडीत सगळं मुरलं. मला वाटतं शिवी असावी.

गुरुवार

शीतगृहात उलटी गंगा. बाहेर इतकी थंडी की आतल्या खोल्या गरम कराव्या लागताहेत, नाहीतर बटाटे गोठतील. मालक स्वतः शेगड्या घेऊन धावतो आहे. मला म्हणाला, "आज तुम्हाला सोडत नाही, इथेच राहा." नाही म्हणता येईना. डायरी पिशवीत होती म्हणून हे लिहितो आहे, दोन्ही बाजूंना बटाट्यांची पोती.

निघताना मुकादम कसा होता? बघायचं राहिलं. उशीर झाला होता. हीटर चालू आहे, गोधडी बांधली आहे, काळजीचं कारण नाही.

शुक्रवार

सकाळी घरी आलो तर दारात वहिनी. अंगावर प्रवासाचे कपडे, पायाशी पिशवी. बाळबाळंतीण सुखरूप म्हणून लवकर परतली होती. चेहरा मात्र सुखरूप नव्हता.

"भाऊजी, दार उघडा."

भिंत झाल्यापासून तिने माझा उंबरा ओलांडला नव्हता. सरळ टाकीकडे गेली, गोधडीची दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना तशी दाताने सोडवली. म्हटलं, "अहो वहिनी, थंडी शिरेल." गोधडी खाली पडली.

काच धुक्याने भरलेली. तिने पदराने पुसली. मुकादम वर तरंगत होता, आडवा. ठिपके विझलेले, राखेच्या रंगाचे.

"हात घाला आत," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"घाला म्हणते ना!"

रात्रभर शेगड्यांजवळ होतो, बोटं शुद्धीवर होती. आंघोळीला काढावं इतकं गरम पाणी होतं. हात मागे घेतला.

दादाच्या बाजूचं पोतं तिने आधीच काढलं होतं. पलीकडच्या कोपऱ्यात, दगडामागे, एक हीटर होता. लांब, जाड, साधा. अगदी माझ्यासारखा. माझाही दगडामागे. दोघं आपापल्या कोपऱ्यात दबून बसून पाणी तापवत होते.

"हा कुणाचा?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"तुमच्या दादांचा. तुमचा लाल दिवा बंद दिसला म्हणून आणला. त्याआधी तुम्हाला सांगायला काच वाजवली तर तुम्ही दिवा मालवलात म्हणे. मग पोती बांधली, गार लागू नये म्हणून. वीज गेली तेव्हा बेकरीतून किटल्या भरभरून आणून ओतत होते. मी हात घातला आणि किंचाळले तेव्हा मलाच म्हणतात, गरम आहे का गं? मला कोमट लागतंय." तिचं लक्ष तबकडीकडे गेलं. "आणि हे काय?"

"थर्मामीटर. कामावरचा."

"काटा तर टोकाला टेकलाय."

"आमच्याकडे तेवढंच लागतं."

ती खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली. "दोन घरचा पाहुणा उपाशी मरतो असं ऐकलं होतं हो. दोन घरच्या मायेने शिजून मेलेला आजच बघितला."

काचेपलीकडे दादा येऊन उभा राहिला. झाकण उघडं असल्याने त्याचा आवाज पाण्यावरून येत होता. "धाकट्या," तो म्हणाला. किती तरी वर्षांनी म्हणाला. "मला वाटलं तुला जमणार नाही. छाती भरलेली तुझी. मी भिंत वाजवत होतो, ठीक आहेस का म्हणून. तू उत्तर देईनास. नुसता हवा, हवा ओरडायचास. मी म्हटलं, दम लागलाय याला. काल दाराशी येऊन गेलो, कुलूप होतं."

तेव्हा मला कितीतरी बोलता आलं असतं. तोंडून निघालं ते असं: "ऊब माझ्या वाट्याला होती. तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? तेव्हाही सांगितलं नव्हतं."

दादाचं तोंड उघडलं आणि मिटलं. तो आत निघून गेला.

वहिनी उठली. "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही तुमच्या घराण्याचा," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. जाताना दारात थांबली. "आणि पाव आवडतो का हो? रोज पहिल्या भट्टीतला तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगून गेले होते मी. ते म्हणाले, सांगायला कशाला हवं, ते तर मी करणारच होतो."

आवडतो, म्हणालो.

शनिवार

दादाने मुकादमाला अंगणात पुरलं. त्याच्या बाजूला, कुंपणाला चिकटून. जमीन गोठलेली होती, कुदळ लागत नव्हती, त्याने भट्टीतले निखारे ओतून माती मऊ केली. मी खिडकीतून बघत होतो. जावं असं वाटलं. चपलाही घातल्या. मग वाटलं, त्याने हाक मारली तर जाईन. त्याने दोनदा खिडकीकडे बघितलं, हाक काही मारली नाही.

टाकीतलं पाणी मी काढलं, माझ्या बाजूने बादल्यांनी. रिकाम्या काचेतून पलीकडचं आता सरळ दिसतं. हिरवं नाही, वाकडं नाही. दादा म्हातारा झाला आहे. पाण्यातून हे कधी दिसलं नव्हतं. डोक्यावर पांढरं होतं ते मी पीठ समजत होतो.

रविवार

वहिनीने आज दोन्ही घरांत चार खेपा केल्या. ती म्हणते, "मासा गेला म्हणून काय झालं? काच राहू द्या. नवा मासा आणू. मामा वर बसून बघणार आहेत का?"

मी म्हटलं, "दादाला हवं असेल तर त्याने सांगावं. मी कशाला आडवा येऊ?"

ती गेली आणि आली. "ते म्हणतात, त्याला हवं असेल तर तो सांगेल. मी परत मधे पडणार नाही, एकदा पडलो तेवढं पुरे."

"मग मामाने ठरवलं तेच होऊ दे."

ती गेली आणि आली. "ते म्हणतात, होऊ दे."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. त्याचं सगळ्यात नडतं, इथेच कसं नडलं नाही? चौथ्या खेपेला वहिनी म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे? मरा दोघं आपापल्या खोलीत." वहिनी अशी कधी बोलत नाही.

मंगळवार

गवंडी आला. टाकी चार माणसांनी काढली. फुटली नाही. इतकी वर्षं फुटेल फुटेल म्हणून जिला हात लावला नाही, ती धड निघाली. वहिनीने बेकरीत ठेवायला नेली.

भोकातून गार वारा इकडून तिकडे जात होता. गवंड्याने विटा रचायला घेतल्या. अर्ध्यावर आल्यावर त्याने विचारलं, "वर छोटी जाळी ठेवू का? हवा खेळती राहील. पुढे मागे लागलीच तर."

गवंडी एकदा इकडे बघे, एकदा भोकातून तिकडे. "अहो, कुणीतरी काहीतरी सांगा. माल सुकतोय माझा."

"त्यांना विचारा," मी म्हणालो.

"त्याला विचारा," पलीकडून आलं.

गवंड्याने कपाळावर हात मारला, म्हणाला, मग मी भरून टाकतो. जेवायच्या सुट्टीला तो गेला तेव्हा दोन विटांची जागा उरली होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो, सहज. बघतो तर पलीकडे दादाही खुर्ची ओढून बसलेला, हात मांडीवर, भोकाकडे बघत. मी पटकन ही डायरी तोंडासमोर धरली. पानावर काय लिहिलं होतं ते दिसत नव्हतं. मनात म्हणत होतो, हा काहीतरी बोलेल, वाईट बोलला तरी चालेल. तो खाकरला. एवढ्यात गवंडी तोंड पुसत आला आणि त्याने थापी उचलली.

शुक्रवार

थंडी ओसरली. रस्त्यात पाणी झालं आहे. नळ पहिल्या हाकेला येतो. शीतगृहात पुन्हा गार करण्याचं काम सुरू झालं.

सकाळी पाव कट्ट्यावर होता. कुत्रा आला, त्याला हाकललं. पाव चहाबरोबर खाल्ला. चांगला होता. दादाच्या हाताला चव आहे, हे खोटं कशाला म्हणू.

गवंडी कामाला चोख निघाला. भिंत सरळ झाली, गिलावा गुळगुळीत, कुठे काय होतं ते ओळखू येत नाही. बरीच जाड केली आहे, पलीकडचं भांडं पडलं तरी इकडे कळत नाही.

संध्याकाळी खोकल्याची उबळ आली. नंतर गप्प बसून कान दिला. टकटक झाली नाही. खुर्ची भिंतीजवळ घेतली आणि आणखी एकदा खोकलो, जरा मोठ्याने.